सही सर्वांत शेवटी: शगालचं एक फ्रेमबंद लिथोग्राफ उघडताना

फ्रेम टेबलावर आली तेव्हा सोबत एवढीच माहिती होती: चित्रकार मार्क शगालचं रंगीत लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं चित्र), बायबल मालिकेतलं, शेतातला सरवा (गळलेली कणसं) वेचणारी रूथ. खाली उजवीकडे पेन्सिलीची सही, डावीकडे ३४/५० हा क्रमांक, म्हणजे ५० प्रतींतली ३४ वी. फ्रेम जुनी, सोनेरी मुलाम्याच्या पट्टीची. पुढे साधी काच, मागे हार्डबोर्ड, त्यावर डिंकाने चिकटवलेला तपकिरी कागद. मालकांना दोन गोष्टी हव्या होत्या. चित्र अस्सल आहे का ते कळायला हवं होतं आणि माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, आतल्या कडेने चित्रावर उमटलेली तपकिरी रेघ जायला हवी होती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काचेतून बघून कुणीही देऊ नये. छापचित्राची खात्री होते ती कागदाच्या कडांवरून, कागदाच्या पाठीवरून आणि शाईच्या पोतावरून. फ्रेममध्ये कडा आणि पाठ पूर्ण झाकल्या जातात, पोत काचेआड अर्धाच दिसतो. उघडी राहते ती सही, आणि नक्कल करायला सगळ्यांत सोपी गोष्टही तीच. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी फ्रेम उघडायची, मग कागद बघायचा, मग छपाई आणि सर्वांत शेवटी सही.

उघडण्याआधी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो घेतले. मागच्या कागदावर फ्रेमवाल्याचं लेबल किंवा हाताने लिहिलेला एखादा आकडा असला तर तो कागद टरकावून फेकायचा नाही. कटरने कडेकडेने कापून अख्खा काढायचा आणि पाकिटात जपून ठेवायचा. मग धुतलेली चादर दुहेरी अंथरून फ्रेम पालथी केली. हार्डबोर्ड बारा चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, अडकवलेला होता. चूक उपटताना पक्कड वर ओढली की तिचा भार बोर्डावर येतो आणि खालची काच तडकते. त्यामुळे चूक बोर्डाला समांतर धरून, थोडी थोडी हलवत आतल्या बाजूला सरकवून काढायची. गंजून तुटली तर तिच्याशी झटापट करू नये, राहिलेला भाग लाकडातच दाबून टाकावा.

बोर्ड निघाल्यावर काच, माउंट, चित्र आणि पाठचा पुठ्ठा असा सगळा थर एकत्र उचलून सुलटा केला आणि काच सरळ वर उचलली. काच कधीही सरकवायची नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कागद काचेला चिकटलेला असू शकतो आणि ओढला तर शाई काचेवर राहते. चिकटलेला दिसला तर हात तिथेच थांबवावा, ते काम कागद-संवर्धकाचं. या फ्रेममध्ये माउंटच्या जाडीमुळे काच आणि कागद यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटर अंतर राहिलं होतं, त्यावर चित्र बचावलं. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे. सुती मोज्यांच्या धाग्यात कागदाची कड अडकते. नाहीतर साबणाने धुऊन नीट कोरडे केलेले हात पुरेत.

चित्र माउंटला वरच्या कडेने मास्किंग टेपच्या चार तुकड्यांनी आणि डाव्या कडेने आणखी दोन तुकड्यांनी चिकटवलेलं होतं. कागद पावसाळ्यात फुगतो, हिवाळ्यात आकसतो. दोन बाजूंनी जखडला की त्याला हलायला जागा उरत नाही आणि त्यावर लाटा येतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात तशा तीन लाटा दिसत होत्या. खालची कड मोकळी होती. तिथून पुस्तकाचं पान उलटावं तसा कागद अलगद उचलला.

पाठ कोरी नव्हती. तिच्यावर काळ्या शाईत दुसरं एक पूर्ण चित्र छापलेलं होतं.

इथे बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. शगालचं 'बायबल' म्हणून जे विकलं जातं त्यात निदान तीन वेगळी कामं मिसळलेली असतात. पहिलं काम एचिंगचं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रांचं. पॅरिसचे प्रकाशक आंब्रुआझ व्होलार यांनी ते करायला सांगितलं होतं. शगाल १९३१ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आला आणि कामाला लागला. १९३९ मध्ये व्होलार वारले, काम अडलं, आणि १०५ एचिंग्ज पूर्ण होऊन १९५६ मध्ये प्रकाशक तेरियाद यांच्याकडून प्रसिद्ध झाली. दुसरं काम त्याच वर्षीचं, तेरियाद यांच्याच 'वेर्व' या कलानियतकालिकाच्या ३३-३४ या जोडअंकातलं. त्यात लिथोग्राफही होते. तिसरं म्हणजे 'वेर्व'चा १९६० चा ३७-३८ हा जोडअंक. त्यात बायबलवरची २४ रंगीत लिथोग्राफ आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक काळं लिथोग्राफ. छपाई पॅरिसच्या मूर्लो छापखान्यातली. पानाचा आकार साधारण ३५.५ बाय २६.५ सेंटिमीटर. रूथची चित्रं या तिसऱ्या कामात आहेत. आमच्या कागदाचं माप आलं ३५.५ बाय २६.२.

एचिंग आणि लिथोग्राफ ओळखायला भिंगही लागत नाही. एचिंगमध्ये तांब्याची प्लेट ओल्या कागदावर भारी दाबाने दाबली जाते, तिच्या कडांचा खोलगट ठसा चित्राभोवती राहतो आणि बोटाला लागतो. लिथोग्राफमध्ये असा ठसा नसतो, कारण दगडाचा पृष्ठभाग सपाट असतो. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंक आणि किंचित आम्ल लावून दगड तयार करायचा, मग पाण्याने ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग नाकारतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताची प्लेट. शगालने सुरुवातीची रंगीत लिथोग्राफ अमेरिकेत, 'अरेबियन नाइट्स'मधल्या कथांसाठी १९४८ मध्ये केली. पण त्याचा हात खरा बसला तो १९५० पासून, मूर्लोंकडे, शार्ल सोर्लिए या कारागिराच्या सोबतीने. आपल्याकडे याच तंत्राला शिळाछाप म्हणत आणि मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधल्या देवादिकांच्या तसबिरी याच रीतीने निघाल्या. त्या तसबिरींवरची रविवर्म्यांची सही चित्राबरोबरच छापलेली असते, हे मराठी घरांना जुनं ठाऊक आहे. पेन्सिलीची सही हा प्रकार वेगळा. छापून झाल्यावर चित्रकाराने ती प्रत हाताळली आणि मान्य केली, याची ती खूण.

मग कागद बघितला. खिडकीच्या उजेडासमोर धरला तर जलचिन्ह नव्हतं. सही केलेल्या मर्यादित प्रती सहसा आर्श किंवा रीव्हसारख्या जाड सुती कागदावर, मोठा समास सोडून छापलेल्या असतात, त्यांची पाठ कोरी असते आणि बऱ्याचदा उजेडात गिरणीचं नाव दिसतं. या कागदाच्या तीन कडा सरळ कापलेल्या, वर्षानुवर्षांच्या धुळीने एकसारख्या करड्या झालेल्या होत्या. डावी कड मात्र स्वच्छ पांढरी, एका जागी किंचित तिरकी, आणि भिंगाखाली तिच्यावर सरसाचे दोन पिवळट ठिपके. म्हणजे पान शिवणीतून सोडवून डावीकडे पट्टीने कापलेलं. 'वेर्व'चे अंक असे सोडवून पान-पान विकले गेले आहेत, आणि त्यात स्वतःहून काही खोटं नाही. पान सुटं असलं तरी लिथोग्राफ अस्सलच राहतं.

दहापट भिंगाखाली शाई पाहिली. ऑफसेट छपाई असती तर चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुलं दिसली असती, सगळीकडे सारख्या अंतराची. इथे ठिपके नव्हतेच. खडूचा कण दगडाच्या खरबरीत पृष्ठभागावर जसा तुटत जातो तसा अनियमित दाणा होता, आणि दोन रंग जिथे एकमेकांवर आले होते तिथे वरच्या शाईची किंचित वेगळी चकाकी. ही तपासणी एका जागी करून भागत नाही. फिकट भाग, गडद भाग आणि कडेचा भाग असं निदान तिन्ही ठिकाणी बघावं. गडद भागात ठिपके एकमेकांत मिसळतात आणि ऑफसेटही सलग दिसतो, नवख्यांची फसगत तिथेच होते. फिकट छटेत मात्र ठिपके लपत नाहीत.

छपाई अस्सल, कागद अस्सल. आता सही.

खोलीतला दिवा मालवून टेबलाच्या पातळीवर, एका बाजूने, छोटी विजेरी धरली. ग्रॅफाइट अशा तिरप्या उजेडात करडं चमकतं, छापलेली सही चमकत नाही. इथे चमकत होतं, म्हणजे पेन्सिल खरीच. पण सहीच्या शेवटच्या अक्षराखाली कागदाला चंद्रकोरीसारखी बारीक मोड होती. जाड अंकाचं पान अंगठ्याने उलटताना खालच्या उजव्या कोपऱ्यात अशी मोड पडते. पेन्सिलीची रेघ या मोडीवरून जात होती. मोडीच्या उंचवट्यावर ग्रॅफाइट दाट साचलं होतं आणि त्याच्या पलीकडच्या खळग्यात रेघ केसाएवढी तुटली होती. कागद आधी मोडला असेल तरच असं होतं. सही आधीची असती तर रेघ सलग राहून कागदाबरोबर दुमडली असती. तेव्हा ही सही पान अंकात बांधलं जाऊन, हाताळलं जाऊन, मग सुटं झाल्यावरची किंवा निदान हाताळल्यानंतरची आहे.

तेवढ्यावर सही शगालची नाहीच, असं म्हणता येत नाही. चित्रकार ओळखीच्यांना पुस्तकावर सही देतात, शगालनेही दिल्या आहेत. निकाल लागतो तो क्रमांकावर. 'वेर्व'च्या पानांना क्रमांक नव्हते, ती अंकासाठी हजारोंनी छापली होती. पाठीवर काळं चित्र असलेलं, अंकाच्या मापाचं पान ५० प्रतींच्या मर्यादित संचातलं ३४ वं असूच शकत नाही. ते ३४/५० कुणीतरी मागाहून किंमत वाढवण्यासाठी लिहिलं आहे, आणि ज्या हाताने क्रमांक खोटा लिहिला त्याच्या शेजारची सही खरी मानायला आधार राहत नाही. पॅरिसचे गॅलरीवाले माग यांच्या 'देरिएर ल मिरवार' या नियतकालिकातल्या शगालच्या लिथोग्राफांवरही अशाच सह्या चढवलेल्या सापडतात. तिथे पान ३८ बाय २८ सेंटिमीटरचं असतं, दुहेरी पानाला मधोमध घडी असते आणि पाठीवर बरेचदा मजकूर छापलेला असतो. फ्रेमवाल्याने माउंट चढवला की माप, घडी आणि पाठ सगळंच झाकलं जातं.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवायला हवा, कारण त्यात खोटं काही नसूनही गोंधळ होतो. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या १२ रंगीत काचांच्या खिडक्या शगालने केल्या, त्या १९६२ मध्ये बसल्या. त्यांच्या आराखड्यांवरून सोर्लिए यांनी लिथोग्राफ केली आणि शगालने त्यांवर सह्या केल्या. तिथे सही खरी, पण दगडावरचा हात सोर्लिएंचा, आणि खाली बारीक अक्षरांत त्यांचं नाव छापलेलं असतं. अशा चित्राला 'शगालच्या चित्रावरून' म्हणायचं, 'शगालचं मूळ लिथोग्राफ' म्हणायचं नाही. किमतीतही तेवढा फरक पडतो.

मालकांना सगळं कागदावर लिहून, फोटोंसह दिलं. चित्र काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात शावुओत या यहुदी सणाला रूथची गोष्ट मराठीतून वाचली जाते. कापणीनंतर शेतात गळून राहिलेल्या कणसांना मराठी बायबलमध्ये 'सरवा' हाच शब्द आहे. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांना भातशेतीमुळे तो समजावून द्यावा लागत नाही. आजच्या बेलारूसमधल्या विटेब्स्कच्या यहुदी वस्तीत वाढलेल्या चित्रकाराने काढलेली ती बाई मुंबईच्या भिंतीवर पन्नास-साठ वर्षं टिकली, तर पुढेही टिकायला हवी.

खोटी सही खोडायची का, हा प्रश्न आला. खोडली नाही. रबराने ग्रॅफाइट निघतं पण कागदाचे तंतू घासून गुळगुळीत होतात, तिथे कायमचा डाग दिसतो, आणि पुढच्या तपासणाऱ्यासाठी असलेला पुरावाही जातो.

आता मास्किंग टेप. कागदी थर कोमट केलेल्या पातळ स्पॅचुलाने, अगदी आडवा धरून, मिलिमीटर मिलिमीटरने सोडवला. वर ओढला तर कागदाची सालच निघते. राहिलेला चिकट थर क्रेप रबराच्या वडीने टिपून टिपून काढला. कागदात मुरलेला पिवळा डाग तसाच ठेवला. तो काढायला द्रावक लागतात, आणि या पानाला दोन्ही बाजूंनी शाई आहे. त्याच कारणाने तपकिरी रेघही धुतली नाही. ती रेघ स्वस्त लगद्याच्या माउंटमधून झिरपलेल्या आम्लाने जळलेला कागद आहे, वरवरचा मळ नव्हे. पाण्याने आणि विरंजनाने ती फिकट करता येते, पण इथे शाई दोन्हीकडे, एका बाजूला पेन्सिल आणि पानाची जाडी बेताची. नव्या माउंटची खिडकी प्रत्येक बाजूने दोन मिलिमीटर आत घेऊन रेघ झाकली. चित्राचा तेवढा भाग झाकला जातो, ते मालकांना विचारून केलं.

माउंटचा बोर्ड शंभर टक्के सुती, चार पदरी, साधारण दीड मिलिमीटर जाड. पाठीचं काळं चित्र पुन्हा गाडायचं नव्हतं, म्हणून मागच्या बोर्डालाही खिडकी कापली. पान बसवायला चार कोपऱ्यांचे कागदी खिसेही चालले असते आणि चित्राला खळ लागलीच नसती, पण दमट हवेत चारी कोपरे धरले गेले की पुन्हा लाटा. म्हणून वरच्या कडेला दोनच बिजागऱ्या, कोझोच्या जपानी कागदाच्या. कागद कात्रीने कापायचा नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोडाचा उंचवटा पुढून दिसत नाही. प्रत्येक पट्टी अडीच बाय दीड सेंटिमीटर, त्यातली चित्राला चिकटणारी जागा फक्त चार मिलिमीटर.

खळ गव्हाच्या सत्त्वाची, कणकेची नव्हे. कणकेतला ग्लुटेनचा चिवट भाग पिवळा पडतो आणि कसर त्यावर ताव मारते. एक भाग सत्त्व, चार भाग पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत पंचवीस-तीस मिनिटं. पांढरं दूध आधी एकदम घट्ट होतं, मग सैलावतं आणि दुधट काचेसारखी चकाकी येते, तेव्हा उतरवायची. पुरती निवल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढायची आणि वापरताना पाणी घालून सायीएवढी करायची. पातळ झाली तर पाणी चित्रात पसरून कडा असलेला डाग पडतो. आंबूस वास आला की फेकून ताजी करायची. चिकटवल्यावर टीपकागद, त्यावर काच, त्यावर किलोभर वजन, आणि पहिल्या पाच-सात मिनिटांत टीपकागद एकदा बदलायचा. पूर्ण सुकायला तासभर. ही बिजागरी चित्रापेक्षा कमजोरच हवी. उद्या फ्रेम भिंतीवरून पडली तर बिजागरी फाटावी, कागद नाही. टिकाऊ म्हणून जाड पट्टी लावणाऱ्यांनी किती कोपरे फाडलेत याला गणती नाही.

पुढे अतिनील किरण अडवणारी ३ मिलिमीटरची अॅक्रिलिक शीट, मागे साध्या अॅक्रिलिकची २ मिलिमीटरची, मध्ये माउंट. या सगळ्या थराच्या कडा अॅल्युमिनियमच्या टेपने बंद केल्या. अॅक्रिलिकला काच पुसायचा अमोनियावाला फवारा लावू नये, बारीक चिरा पडतात. ओलसर मऊ फडकं पुरतं. हा थर कधी बंद करता याला फार महत्त्व आहे. जुलैत, हवेत ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता असताना बंद केला तर ती ओल आतच कोंडते आणि बुरशीला घर मिळतं. बोर्ड, कागद सगळं दोन दिवस आर्द्रतामापक असलेल्या खोलीत ठेवून, काटा पन्नासच्या आसपास स्थिर झाल्यावर, जानेवारीत बंद केला. जुनी सोनेरी पट्टी साफ करून तीच वापरली. तिच्या आतल्या खाचेला टेप लावली, म्हणजे लाकडातलं आम्ल माउंटपर्यंत पोहोचत नाही. मागचं झाकण चुकांऐवजी चार स्क्रूंनी बसवलं. स्क्रू काढले की पाठीचं काळं चित्र बघता येतं.

टांगायची जागा बदलायला सांगितली. आधी ती पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर होती. आता आतल्या भिंतीवर, खिडकीसमोर नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना पाच मिलिमीटरच्या कॉर्कच्या चकत्या, मागून हवा खेळावी म्हणून.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं लेबल आहे: 'मार्क शगाल (१८८७–१९८५). रूथ. रंगीत लिथोग्राफ, मूर्लो, पॅरिस. वेर्व ३७-३८, १९६०. पाठीवर काळं लिथोग्राफ. डावी कड बांधणीतून कापलेली. सही आणि ३४/५० हा क्रमांक नंतर घातलेले.' जुन्या फ्रेममागचा तपकिरी कागद त्याच्याखाली पाकिटात आहे.